अमेरिकेतला टॉक रेडिओ: एक तास कसा घडतो आणि तो कसा ऐकावा

अमेरिकेत दुपारच्या वेळी गाडीतला रेडिओ एएम पट्ट्यावर लावला, की बऱ्याच गावांत गाण्यांऐवजी एका माणसाचं बोलणं ऐकू येतं. तो काल वॉशिंग्टनमध्ये काय झालं ते सांगतो, मोठ्या वर्तमानपत्रांवर आणि वाहिन्यांवर टीका करतो, मध्येच गादीची जाहिरात करतो आणि मग कुणा ट्रकचालकाचा फोन घेतो. रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस. याला टॉक रेडिओ म्हणतात, म्हणजे गाण्यांऐवजी बोलण्यावर चालणारा रेडिओ.

त्यात सगळ्यात मोठा वाटा पुराणमतवादी निवेदकांचा आहे. कर कमी असावेत, सरकारचा पसारा लहान असावा, बंदूक बाळगण्याचा हक्क शाबूत राहावा, गर्भपाताला आळा बसावा, सीमेवर कडक नियम असावेत, अशा मतांचा हा प्रवाह. ढोबळमानाने तो रिपब्लिकन पक्षाच्या बाजूचा आहे. पण पक्षाचा पगारी नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुलं किंवा भावंडं तिकडे राहतात. या कार्यक्रमांचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्यापर्यंतही येतात. ते ऐकून काही जण ‘नुसता विखार’ म्हणून बाजूला सारतात, तर काही जण प्रत्येक वाक्य बातमी समजून पुढे पाठवतात. दोन्ही चुका एकाच कारणाने होतात: हा कार्यक्रम बनतो कसा, हे माहीत नसतं. आपल्याला त्याची सवयही नाही, कारण भारतात खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा करायला वाव मिळालेला नाही. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या पुढे ऐकवता येतात. म्हणून हा तास कसा उभा राहतो, ते एकेका टप्प्याने पाहू.

पहिला टप्पा: कायद्याची मोकळीक

अमेरिकेत रेडिओ केंद्राला परवाना देते ती संघराज्य दळणवळण आयोग नावाची सरकारी संस्था. तिला सगळे ‘एफसीसी’ म्हणतात. १९४९ मध्ये या आयोगाने एक धोरण ठरवलं, ते ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ म्हणून ओळखलं जातं. समतोलाचं तत्त्व म्हणू या. त्यात केंद्रांवर दोन जबाबदाऱ्या होत्या. एक, सार्वजनिक वादाचे विषय हाताळायचे. दोन, ते हाताळताना विरुद्ध बाजूलाही वाजवी संधी द्यायची.

त्यामागचं कारण सरळ होतं. हवेतल्या लहरी मोजक्या, त्या सगळ्यांना मिळू शकत नाहीत. मग ज्याला मिळाल्या त्याने सगळ्यांचं भान ठेवावं. १९६९ मध्ये ‘रेड लायन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरलं. ऑगस्ट १९८७ मध्ये आयोगाने ते सोडून दिलं. त्याआधीच अमेरिकी काँग्रेसने त्याचा कायदा करायचा प्रयत्न केला होता, पण राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तो नकाराधिकार वापरून अडवला.

इथे दोन गैरसमज हमखास होतात. पहिला, हे तत्त्व म्हणजे दोन्ही बाजूंना मिनिट-मिनिट मोजून सारखा वेळ. तसं ते कधीच नव्हतं. सारख्या संधीचा नियम वेगळा आहे, तो निवडणुकीतल्या उमेदवारांपुरता आहे आणि आजही लागू आहे. दुसरा गैरसमज असा, की तत्त्व गेलं आणि दुसऱ्या दिवशी उजवा रेडिओ जन्माला आला. परखड मतांचे निवेदक आधीही होतेच. तत्त्व गेल्यामुळे केंद्रचालकांची धास्ती गेली: दिवसभर एकाच बाजूचं बोलणं लावलं तरी परवान्याला धोका उरला नाही. बाकीची कारणं पुढच्या टप्प्यांत आहेत.

दुसरा टप्पा: ओस पडलेला एएम पट्टा

एएम म्हणजे आपण ज्याला मध्यम लहरी म्हणतो तोच पट्टा. आकाशवाणी पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ याच पट्ट्यात आहेत. या लहरींवर आवाज जाण्यासाठी जागा अरुंद असते, खरखरही फार. त्यामुळे गाणं फिकं लागतं. माणसाचं बोलणं मात्र नीट कळतं.

१९७० च्या दशकात एफएमचा स्वच्छ आवाज आला आणि गाणी ऐकणारे तिकडे गेले. एएम केंद्रांचे मालक अडचणीत आले. यंत्रसामग्री आहे, परवाना आहे, मनोरे उभे आहेत. पण श्रोते नाहीत. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएबीसी हे एकेकाळी गाण्यांसाठी देशभर गाजलेलं केंद्र. १९८२ मध्ये त्यानेही गाणी बंद करून बोलणं सुरू केलं.

एएमचा एक गुण मात्र मोठा आहे. सूर्य मावळला की या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब पोचतात. पन्नास हजार वॅटची केंद्रं रात्री अनेक राज्यांत ऐकू येतात. शेतावर, महामार्गावर, डोंगराळ भागात, जिथे दुसरं काही नीट लागत नाही तिथे हा पट्टा लागतो. ट्रकचालक, शेतकरी, फिरते विक्रेते हे या रेडिओचे भरवशाचे श्रोते का झाले, त्याचं उत्तर यात आहे.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारींमुळे एएमची खरखर वाढते, म्हणून अलीकडे काही कंपन्यांनी गाडीतून एएम काढायला सुरुवात केली. त्यावर ओरड झाली आणि २०२३ मध्ये फोर्डने आपला तसा निर्णय मागे घेतला. निवेदक या प्रश्नावर एवढे पोटतिडकीने का बोलतात, हे आता आपल्या लक्षात येईल. गाडीतला एएम गेला, तर त्यांचा पायाच जातो.

तिसरा टप्पा: एक आवाज, शेकडो केंद्रं

इथे रश लिंबॉ हे नाव येतं. जन्म १९५१, मिसूरी राज्यातलं केप जिरार्डो हे गाव. गाणी लावणारा निवेदक म्हणून सुरुवात, मग १९८४ पासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटो शहरात राजकीय गप्पांचा कार्यक्रम. एबीसी रेडिओचे माजी प्रमुख एड मॅकलॉफलिन यांनी त्यांना न्यूयॉर्कला आणलं आणि १ ऑगस्ट १९८८ रोजी त्यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आरंभी ५६ केंद्रं होती. पुढे ती सहाशेच्या वर गेली.

एकच कार्यक्रम अनेक स्वतंत्र केंद्रांना पुरवण्याच्या या पद्धतीला सिंडिकेशन म्हणतात. तोपर्यंत व्यवसायातला समज असा होता, की देशव्यापी गप्पा रात्री चालतात; लॅरी किंग यांचा कार्यक्रम तसाच रात्रीचा होता. दिवसा लोकांना आपल्या गावचाच माणूस हवा, असं मानलं जाई. लिंबॉ यांनी भरदुपारी कार्यक्रम करून तो समज मोडला.

हे जमण्यामागे तंत्राचा हात होता. उपग्रहामुळे एक आवाज शेकडो गावांत स्वस्तात पोचवता येऊ लागला. फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत अशा क्रमांकांमुळे कुठल्याही राज्यातला माणूस दूरचा फोन लावू लागला.

पैशांचं गणित असं. लहान केंद्राला तीन तास भरायला चांगला निवेदक पगारावर ठेवणं परवडत नाही. पुरवठादार कंपनी त्याला कार्यक्रम देते आणि बदल्यात तासातल्या जाहिरातींची काही मिनिटं स्वतःकडे ठेवते. उरलेली मिनिटं केंद्र गावातल्या दुकानदारांना विकतं. नावाजलेल्या कार्यक्रमासाठी वर रोख रक्कमही मोजावी लागते.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने याला आणखी वेग आला. एका कंपनीने देशभरात किती केंद्रं बाळगावीत यावरची मर्यादा उठली. क्लिअर चॅनल या कंपनीकडे, जी आता आयहार्टमीडिया या नावाने चालते, पुढे बाराशेच्या आसपास केंद्रं आली. लिंबॉ यांचा कार्यक्रम पुरवणारी प्रीमियर ही कंपनीही तिच्याच मालकीची झाली. केंद्र तिचं, कार्यक्रमही तिचाच. गावोगावचे स्थानिक निवेदक यात कमी होत गेले. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं हे सर्वांत मोठं नुकसान आहे, कारण गावच्या शाळेची, पाण्याची, रस्त्याची चर्चा करायला मग कुणी उरत नाही.

चौथा टप्पा: सकाळची तयारी

तीन तास एकट्याने बोलायचं म्हणजे कच्चा माल भरपूर लागतो. सकाळी निवेदक आणि त्याचे सहायक वर्तमानपत्रं, संकेतस्थळं, कालच्या वाहिन्यांवरच्या चर्चा चाळतात. लिंबॉ यांच्यासमोर छापील कागदांचे गठ्ठे असत आणि त्यांची सळसळ मायक्रोफोनमधून श्रोत्यांना ऐकू येई.

सहायक त्या चर्चांमधून आवाजाचे छोटे तुकडे कापून ठेवतात. राष्ट्राध्यक्षांचं एक वाक्य, एखाद्या वृत्तनिवेदिकेचा एक प्रश्न, एखाद्या नटाचं पुरस्कार सोहळ्यातलं बोलणं. हे तुकडे या कार्यक्रमाचा कणा असतात.

इथली गफलत नीट समजून घ्यावी. तुकडा खरा असतो, आवाज त्याच माणसाचा असतो. पण कुठून कापला हे निवेदकाच्या हातात असतं. आधीचा प्रश्न गाळला, पुढचं ‘पण’ गाळलं, की अर्थ फिरतो. डाव्या बाजूचे कार्यक्रमही हे करतात. म्हणून तुकडा ऐकून राग आला, तर आधी पूर्ण बोलणं शोधावं.

पाचवा टप्पा: तासाचं घड्याळ

प्रत्येक तासाचा आराखडा आधीच ठरलेला असतो. तो वर्तुळाकार काढतात, म्हणून त्याला घड्याळच म्हणतात. ढोबळ चित्र असं असतं: तासाच्या ठोक्याला पाच-सहा मिनिटं बातम्या आणि जाहिराती, मग निवेदकाचं सलग बोलणं, विसाव्या मिनिटाच्या आसपास विश्रांती, अर्ध्या तासाला पुन्हा जाहिराती, मग फोन, शेवटाकडे आणखी एक-दोन विश्रांती. निवेदकाच्या वाट्याला जेमतेम चाळीस मिनिटं उरतात.

तासाच्या सुरुवातीला केंद्राने स्वतःचं परवान्यातलं नाव आणि गाव सांगणं नियमाने बंधनकारक आहे. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडच्या केंद्रांची नावं बहुधा ‘के’ने सुरू होतात, पूर्वेकडची ‘डब्ल्यू’ने. आपण ऐकतो ते केंद्र देशाच्या कुठल्या भागातलं, याचा अंदाज तिथेच येतो.

सगळ्यात जास्त घोटाळा बातम्या संपून बोलणं सुरू होतं तिथे होतो. ठोक्याला येणाऱ्या बातम्या वेगळी वृत्तसंस्था किंवा केंद्राचा वृत्तविभाग देतो. त्यानंतर लगेच निवेदक बोलू लागतो. आवाजाचा पोत तोच, रेडिओ तोच. पण आधीचं वार्तांकन असतं आणि नंतरचं भाष्य. मधली रेघ कुणी काढून देत नाही, ती आपल्याला काढावी लागते. आपण मधूनच रेडिओ लावला असेल, तर घड्याळाकडे पाहावं. सहा मिनिटं उलटून गेली असतील, तर आपण भाष्य ऐकतो आहोत असं धरून चालावं.

सहावा टप्पा: सलग बोलणं

तासाचा पहिला मोठा भाग निवेदकाचा एकट्याचा. कीर्तनकार एखादी ओळ घेऊन तिच्यावर निरूपण करतो, तसा निवेदक एक तुकडा ऐकवतो, थांबवतो, त्यावर बोलतो, पुन्हा तोच तुकडा ऐकवतो. लिंबॉ या कामात तरबेज होते. नक्कल, विडंबनगीतं, स्वतःची फुशारकी आणि गंभीर युक्तिवाद हे सगळं ते एका दमात मिसळत. नंतर आलेल्यांची धाटणी वेगवेगळी. मार्क लेव्हिन वकील आहेत, रेगन सरकारात काम केलेले. ते राज्यघटनेचं कलम काढून बसतात. लॉरा इनग्रॅमही वकीलच. शॉन हॅनिटी २००१ पासून देशभर बोलताहेत. पक्षाचे नेते त्यांच्याकडे मुलाखतीला येतात.

या भागातला एक धागा कायम असतो, तो माध्यमांवरच्या टीकेचा. त्याकडे पूर्वग्रहाने पाहू नये. १९८० च्या दशकात अमेरिकेत संध्याकाळच्या बातम्या म्हणजे मुख्यतः तीन मोठ्या वाहिन्या. चर्चला जाणाऱ्या, लहान गावात राहणाऱ्या, रिपब्लिकन पक्षाला मत देणाऱ्या माणसाला आपलं म्हणणं तिथे दिसत नव्हतं. दिसलंच तर चेष्टेच्या सुरात. तो माणूस रेडिओ लावायचा आणि कुणीतरी त्याच्या मनातलं मोठ्याने बोलायचं. ही भूक खरी होती आणि टॉक रेडिओने ती ओळखली.

तितकंच खरं हेही, की या मोकळेपणात मर्यादा वारंवार सुटली. २०१२ मध्ये लिंबॉ यांनी गर्भनिरोधकांच्या विमा संरक्षणाबद्दल बोललेल्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीविषयी अत्यंत हीन शब्द वापरले. नंतर माफी मागावी लागली आणि अनेक जाहिरातदार सोडून गेले. पत्रकाराला जशी संपादकाची चाळणी असते तशी निवेदकाला नसते, हे लक्षात ठेवावं.

कायद्याचं संरक्षणही समजून घ्यावं. १९६४ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ निकालापासून सार्वजनिक पदावरच्या माणसाला बदनामीचा खटला जिंकायचा, तर विधान खोटं आहे एवढं दाखवून भागत नाही. ते खोटं आहे हे बोलणाऱ्याला माहीत होतं किंवा त्याने खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही, हेही दाखवावं लागतं. सामान्य नागरिकाच्या बाबतीत ही ढाल एवढी मजबूत नाही. २०२४ मध्ये सालेम मीडिया या पुराणमतवादी रेडिओ कंपनीने निवडणूक घोटाळ्याचा आरोप करणाऱ्या एका चित्रपटाचं आणि पुस्तकाचं वितरण थांबवलं आणि त्यात दाखवलेल्या जॉर्जियातल्या एका मतदाराची जाहीर माफी मागितली.

सातवा टप्पा: फोन

फोन लावला की तो थेट निवेदकाकडे जात नाही. आधी निवड करणारा सहायक बोलतो. नाव काय, कुठल्या गावाहून, नेमका मुद्दा काय, हे विचारतो. बोलणं अडखळतं का, आवाज स्वच्छ येतो का, पाल्हाळ लागतं का, ते पाहतो. मग निवेदकाच्या पडद्यावर ओळी उमटतात: तिसरी लाईन, अमुक नाव, ओहायो, ट्रक चालवतो, डिझेलच्या भावाबद्दल. निवेदक त्यातून हवा तो निवडतो.

२००१ मध्ये लिंबॉ यांची श्रवणशक्ती गेली. कानात यंत्र बसवून त्यांनी कार्यक्रम चालू ठेवला आणि फोनवरच्या माणसाचं बोलणं त्यांच्यासमोर पडद्यावर लिहून येत असे.

आवाज हवेत जाण्याआधी काही सेकंदांचा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. कुणी शिवी दिली, तर बटण दाबून तेवढा भाग गाळता येतो. सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत असभ्य बोलणं प्रसारित करायला बंदी आहे, त्यासाठी ही व्यवस्था.

इथे चूक होते ती अशी. सलग पाच जणांचे फोन एकाच मताचे ऐकले, की ‘अमेरिकेतला सामान्य माणूस असं म्हणतो’ असं आपल्याला वाटू लागतं. पण ते पाच जण आधीच त्या कार्यक्रमाचे श्रोते, त्यातून फोन करण्याइतके तापलेले, त्यातून सहायकाने निवडलेले. फोनचा उद्देश निवेदकाला उठाव देणं हा आहे, असं खुद्द लिंबॉच उघड सांगत. विरोधी मताच्या माणसाला पुष्कळदा आधी घेतात, कारण वाद रंगतो. पण आवाज कधी तोडायचा ते निवेदकाच्या हातात असतं. फोनवरून लोकमत ताडू नये. त्यातून लोकांच्या मनातली कळ कळते, आणि तेवढ्यासाठी ते जरूर ऐकावेत.

आठवा टप्पा: जाहिरात कुठे सुरू होते

या रेडिओवरची सगळ्यात महाग जाहिरात निवेदक स्वतःच्या तोंडून करतो. सोन्याची नाणी, गाद्या, घराच्या सुरक्षेची यंत्रणा, ओळखचोरीपासून संरक्षण, करथकबाकी मिटवून देणाऱ्या कंपन्या. स्वर बदलत नाही, संगीत वाजत नाही. महागाईवर बोलता बोलता निवेदक सोन्यावर येतो.

पैसे घेऊन केलेला प्रचार श्रोत्याला तसा सांगितला पाहिजे, असा नियम आहे. कंपनीचं नाव, फोन क्रमांक किंवा सवलतीचा सांकेतिक शब्द आला की समजावं, इथे जाहिरात आहे. श्रोत्याचा निवेदकावर असलेला विश्वास इथे विकला जातो. वयस्क माणसांनी निवृत्तीचे पैसे अशा बोलण्यावरून गुंतवू नयेत. आपले आईवडील तिकडे मुलांकडे राहत असतील, तर त्यांना हे आवर्जून सांगावं.

नववा टप्पा: श्रोत्यांची मोजणी

जाहिरातीचा दर श्रोतेसंख्येवर ठरतो. ती मोजायचं काम पूर्वी आर्बिट्रॉन ही कंपनी करी. २०१३ पासून ते निल्सनकडे आहे. काही शहरांत निवडक लोक कुठलं केंद्र किती वेळ ऐकलं याची वही भरतात. मोठ्या शहरांत लोक अंगावर एक छोटं यंत्र बाळगतात आणि ते केंद्राचा सांकेतिक आवाज टिपतं.

मोजमाप पाव तासाच्या हिशेबाने होतं. वर्षानुवर्षं नियम असा होता, की पाव तासात पाच मिनिटं ऐकलं तर पूर्ण पाव तास केंद्राच्या खात्यात जमा. त्यामुळे निवेदकाचं सगळं कौशल्य आपल्याला विश्रांतीपलीकडे ओढून नेण्यात लागतं. ‘हे ऐकून तुम्ही थक्क व्हाल, जाऊ नका’, हे वाक्य त्याच हिशेबातून येतं.

हा हिशेब कळला, की स्वर एवढा चढा का असतो तेही कळतं. शांतपणे ‘या विधेयकात काही बरं आहे, काही वाईट’ म्हणणारा निवेदक श्रोता बांधून ठेवू शकत नाही. धोका, विश्वासघात, शेवटची संधी, या भाषेने श्रोता थांबतो. निवेदकाची मतं खोटी असतात असं यातून निघत नाही. बहुतेक जण मनापासून बोलतात. पण त्या मतांची धार किती ठेवायची, हे बाजार ठरवतो.

दहावा टप्पा: रेडिओपासून काँग्रेसपर्यंत

१९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला ४० वर्षांनी प्रतिनिधिगृहात बहुमत मिळालं. नव्या सदस्यांनी लिंबॉ यांना आपल्या तुकडीचं मानद सदस्यत्व दिलं. इंडियानात रेडिओ कार्यक्रम करणारे माइक पेन्स पुढे काँग्रेसमध्ये गेले, राज्यपाल झाले आणि उपराष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचले. फेब्रुवारी २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी काँग्रेससमोरच्या वार्षिक भाषणात लिंबॉ यांना देशाचं सर्वोच्च नागरी पदक जाहीर केलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

या ताकदीचं नेमकं स्वरूप २००७ मध्ये दिसलं. कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांना कायदेशीर दर्जाचा मार्ग देणारं विधेयक सिनेटमध्ये होतं. त्याला खुद्द रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचा पाठिंबा होता. निवेदकांनी त्याला ‘गुन्ह्याला माफी’ ठरवलं आणि श्रोत्यांना आपल्या सिनेटरला फोन करायला सांगितलं. सिनेटची फोनव्यवस्था कोलमडली. २८ जूनला पुढे जाण्यासाठी ६० मतं हवी होती, मिळाली ४६. २०१४ मध्ये प्रतिनिधिगृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर आपल्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. ब्रॅट यांच्यामागे इनग्रॅम आणि लेव्हिन उभे होते.

आता दुसरी बाजू. २००८ मध्ये जवळजवळ सगळे मोठे निवेदक जॉन मॅकेन यांच्या विरोधात होते. तरी पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मॅकेन यांनाच मिळाली. २०१६ मध्ये मिलवॉकीचे निवेदक चार्ली साइक्स यांनी ट्रम्प यांना विरोध केला आणि त्या वर्षअखेर ते रेडिओतून बाहेर पडले. यावरून दोन गोष्टी दिसतात. या रेडिओला एखादी गोष्ट अडवणं जमतं, घडवणं तितकंसं जमत नाही. आणि निवेदक श्रोत्याला नेतो, तसा श्रोताही निवेदकाला नेतो. जो मागे वळतो त्याला श्रोते सोडून जातात.

डाव्या बाजूनेही प्रयत्न केला. ‘एअर अमेरिका’ हे जाळं २००४ मध्ये सुरू झालं आणि २०१० मध्ये बंद पडलं. त्या बाजूच्या श्रोत्याला सार्वजनिक रेडिओ, मोठी वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी असे पर्याय आधीपासून होते. त्याला नव्या घराची तेवढी निकड नव्हती.

अकरावा टप्पा: प्रत्यक्ष ऐकताना

लिंबॉ यांच्या वेळेत आता क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन बोलतात. बहुतेक कार्यक्रमांचे पॉडकास्टही निघतात, म्हणजे पुण्यात बसूनही आपण ते हवे तेव्हा ऐकू शकतो. पहिल्यांदा ऐकणार असाल, तर असं करावं.

आधी पूर्ण एक तास निवडावा, तुकडा नव्हे. पॉडकास्टमध्ये बातम्या आणि जाहिराती बऱ्याचदा गाळलेल्या असतात, हे ध्यानात ठेवावं.

कागदावर चार रकाने करावेत: बातमी, भाष्य, जाहिरात, फोन. ऐकताना प्रत्येक भाग आपापल्या रकान्यात टाकावा. पहिल्या वेळी अडखळायला होतं, कारण निवेदक सांधे बेमालूम जोडतो. ते सांधे दिसू लागले, की निम्मं काम झालं.

मग भाष्यातली तपासता येतील अशी वाक्यं वेगळी काढावीत. ‘हे विधेयक देश बुडवेल’ हे मत. ‘या विधेयकात अमुक इतका खर्च आहे’ हे तपासण्याजोगं. विधेयकाचा मूळ मजकूर काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर असतो. सी-स्पॅन या वाहिनीकडे सभागृहातली भाषणं न कापता मिळतात. ऐकलेला तुकडा तिथे शोधून त्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन मिनिटं पाहावीत.

त्याच दिवशीची तीच घटना एखाद्या वृत्तसंस्थेच्या बातमीत वाचावी आणि डाव्या बाजूचा एखादा कार्यक्रमही याच चार रकान्यांनी ऐकावा. तिथेही कापलेले तुकडे, निवडलेले फोन आणि चढा स्वर सापडेल. एकाच बाजूला चष्मा लावून ऐकणं ही तपासणी नव्हे.

शेवटी स्वतःला विचारावं: फोन करणाऱ्या ट्रकचालकाची तक्रार नेमकी काय होती? डिझेलचा भाव, बंद पडलेला कारखाना, मुलाच्या शाळेतलं पुस्तक? ती तक्रार खरी असू शकते, जरी निवेदकाने सांगितलेलं कारण आपल्याला पटलं नाही तरी. या रेडिओला तुच्छ लेखणाऱ्यांनी नेमकी ती तक्रार ऐकली नाही आणि मग निवडणुकांच्या निकालांनी ते चकित होत राहिले. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांचे शेजारी, सहकारी, मुलांच्या मित्रांचे पालक हा रेडिओ ऐकतात. त्यांच्याशी बोलायचं असेल, तर ते काय ऐकतात आणि ते कसं बनतं, दोन्ही ठाऊक हवं. एक तास नीट ऐकावा, चार रकाने भरावेत आणि मग आपलं मत आपण बनवावं.